ह्यांचे उद्योग आणि आमची टाकी

मैत्रिणींनो, जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी डोळे मिचकावणारा लाल दिवा तुम्हांला कधी सापडला आहे का? तुपाचा चमचा घ्यायला ड्रॉवर उघडावा आणि हाताला स्क्रू-ड्रायव्हर यावा, असं कधी झालं आहे? आणि "हे काय इथे?" असं विचारल्यावर "हात लावू नकोस गं, चालू आहे!" असं उत्तर मिळालं आहे? मिळालं असेल, तर तुमचं-आमचं गोत्र एकच! मिळालं नसेल तरी वाचाच. मुलं मोठी होताहेत; आज ना उद्या हा उद्योग तुमच्याही घरी येणार.

आमचे हे साताऱ्यात एका कचेरीत हिशेबाच्या खात्यात आहेत. दिवसभर आकड्यांशी झटापट करून आलेल्या माणसानं संध्याकाळी जरा पेपर वाचावा, मुलांचा अभ्यास घ्यावा, फार तर बातम्या लावाव्यात. पण नाही! चहाचा कप खाली ठेवला की हे आतल्या खोलीत. तिथे एक जुना लॅपटॉप, सोल्डरिंगचं सामान आणि रंगीबेरंगी वायरींचा गुंता. कामानं पुण्याला गेले की बुधवारातल्या तपकीर गल्लीतून आणि मुंबईला गेले की लॅमिंग्टन रोडवरून हमखास एखादी पुडी यायची. मला वाटायचं, वेलदोडे असतील. उघडून बघावं तर आत रेझिस्टर!

कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर ह्यांनी काहीच घेतलेलं नाही. बी. कॉम. झालेला माणूस. पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून, चुकत-माकत प्रोग्रॅम लिहायला शिकले. पोटापाण्याशी त्याचा संबंध नाही. नुसता छंद.

मी बी. ए., तेही मराठी घेऊन. सकाळी अर्धवेळ शाळेत शिकवते आणि उरलेला दिवस घरात. त्यामुळे सुरुवातीला ह्या कारभारातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण रोज डोळ्यांसमोर चाललेलं किती दिवस न कळणार? हळूहळू कानावर पडलेलं डोक्यात शिरलं. तेच आधी थोडक्यात सांगते.

ह्या उद्योगाच्या मुळाशी असतो तळहातात मावेल एवढा एक निळा बोर्ड. त्याचं नाव आर्डुइनो. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ नावाच्या गावी, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत तो तयार झाला. इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही थोड्या पैशांत काहीतरी करून बघता यावं, हा त्यामागचा हेतू. नाव ठेवलं ते गावातल्या एका बारवरून, आणि त्या बारचं नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या एका राजावरून! बोर्डाचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. त्यामुळे कुणीही तो बनवू शकतं आणि बाजारात त्याची स्वस्त भावंडं मिळतात. नेहमी दिसणाऱ्या बोर्डात प्रोग्रॅम ठेवायला अवघी ३२ किलोबाइट जागा असते. आपल्या फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा तिथे मावायचा नाही. पण सांगितलेलं काम हा गडी न कंटाळता करतो. एका सेकंदात १ कोटी ६० लाख ठोके पडतात त्याच्या आत!

तर अशा ह्या गड्याकडून आमच्या घरी काय काय करून घेतलं गेलं, त्याची यादी ऐका. तुळशीची माती सुकली की शिट्टी वाजवणारं यंत्र झालं. पण मातीत खोचलेल्या त्याच्या पट्ट्यांतून सारखी वीज फिरत राहिली, आणि ओल्या मातीत महिन्याभरात पट्ट्या खाल्ल्या गेल्या. तुळस मात्र टवटवीत, कारण सासूबाई शिट्टीची वाट न बघता रोज पाणी घालत होत्या. दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम झाला. तो मला रोज सात प्रश्न विचारायचा. मी चार दिवसांत मुकाट्यानं कॅलेंडरवर परत आले. दारावरची घंटा गाणं म्हणू लागली. दूधवाला घाबरून पिशवी ठेवून पळाला.

मी हसायची, चिडायची, नि सोडून द्यायची. पण २०२३ च्या मे महिन्यात ह्यांनी पाण्याच्या टाकीला हात घातला, आणि तिथून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही.

आमच्याकडे नळाचं पाणी पहाटे येतं. ते खाली हौदात पडतं आणि मोटरनं गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवावं लागतं. टाकी भरली का, हे बघायला कुणीतरी जिना चढायचा. हे 'कुणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा माझ्या सासूबाई. वय एकाहत्तर. मी डब्यांच्या गडबडीत, हे अंघोळीला, मुलं झोपलेली. "मी बघते गं" म्हणत त्या पदर खोचून निघायच्या. जिना मागच्या बाजूचा, उघडा, पायऱ्या उंच. त्यांचे गुडघे दुखायचे, पण बोलायच्या नाहीत. ह्यांच्या ते मनात होतं. आईचा जिना सुटावा, म्हणून हे यंत्र.

युक्ती सोपी आहे. विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो ना? पाणी खोल असेल तर उशिरा, वर असेल तर लवकर. टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर लावायचा. तो आपल्याला ऐकू न येणारी हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते बोर्डाला कळवतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यावरून पाणी किती खाली आहे ते निघतं. पाणी खाली गेलं की मोटर चालू, वर आलं की बंद.

पण कागदावर सोपं ते टाकीत सोपं नसतं. आठ दिवसांत झाकणाखाली वाफ धरली, सेन्सरवर पाण्याचे थेंब जमले आणि तो भरल्या टाकीला रिकामी म्हणू लागला. मग पाण्यात टिकणारा सेन्सर आला. पुढचं दुखणं वेगळंच. पाणी खुणेपाशी आलं की लाटांनी वर-खाली व्हायचं आणि मोटर क्षणात चालू, क्षणात बंद! हे डोकं धरून बसले होते. मी पोळ्या लाटता-लाटता म्हटलं, "अहो, डब्यातली एक पोळी संपली म्हणून मी लगेच कणीक मळायला बसते का? डबा तळाला गेला की मळते, आणि भरला की थांबते. मधे उठत नाही." हे माझ्याकडे बघतच राहिले. मग प्रोग्रॅममध्ये दोन खुणा आल्या. खालच्या खुणेला मोटर सुरू, वरच्या खुणेला बंद, मधल्या लाटांकडे लक्षच द्यायचं नाही. मोटर शहाण्यासारखी वागू लागली. खरं सांगते, त्या रात्री मला आपलंच कौतुक वाटलं!

एक अडचण उरली होती. वीज गेली की बोर्ड बंद पडायचा आणि आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. म्हणून ७ जानेवारी २०२४ ला, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, एकच्या सुमारास ह्यांनी तो इन्व्हर्टरवर जोडला. आता वीज जावो की राहो, बोर्ड जागा. मी सवयीनं कॅलेंडरवर दुधाच्या आकड्याशेजारी लिहिलं : 'टाकीचं यंत्र इन्व्हर्टरवर.'

त्यानंतर सात आठवडे आम्ही टाकी विसरलो. जिना चढायचा नाही, झाकण उघडायचं नाही. रविवारी गच्ची झाडायचा माझा नेम होता, तोही सुटला. कशाला वर जायचं?

२६ फेब्रुवारी, सोमवार. पहाटेचा अंधार. पावणेसहाला मोटर आपोआप सुरू झाली. माझा कुकर लागलेला, मिक्सर चालू. साडेसहाच्या सुमारास सासूबाईंना बाहेर पाण्याचा आवाज ऐकू आला. टाकी भरून वाहत होती आणि मोटर थांबायचं नाव घेत नव्हती. गच्चीच्या पन्हाळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलेला, म्हणून सगळं पाणी जिन्यावरून खाली. मला हाक मारण्याऐवजी त्या स्वतःच निघाल्या. तिसऱ्या पायरीवर पाय सरकला.

त्यांची हाक मला मिक्सर थांबल्यावर ऐकू आली.

उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं. "डोक्याला मार नाही, नशीब समजा," असं म्हणाले. घरी परत येताना रिक्षात मी ह्यांना नको ते बोलले. "तुमच्या खेळापायी आईंचा हात मोडला" हे त्यातलं सगळ्यांत सौम्य वाक्य. हे काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी सगळे बोर्ड, सगळ्या वायरी, पुड्यांतले ते रेझिस्टर जुन्या पत्र्याच्या पेटीत भरले आणि पेटी माळ्यावर टाकली.

टेबल रिकामं झालं. मला हवं होतं अगदी तसं. त्यावर मी धुतलेला टेबलक्लॉथ घातला. पण मैत्रिणींनो, त्या रिकाम्या टेबलाकडे बघवेना. हे संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे, पण काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही. मुलगा आठवीत. तो बापाच्या शेजारी बसून सोल्डरिंग शिकत होता, तोही गप्प. सासूबाईंची वेणी मी घालायची, त्यांना भरवायचं मुलीनं. घरात भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं.

तीन आठवड्यांनी, एका रात्री जेवताना सासूबाईच म्हणाल्या, "अरे, ते यंत्र बिघडलं कशानं, ते कळलं का तुला?"

"नाही," हे म्हणाले.

"मग पेटी कशाला बंद केलीस? भाजी करपली तर आपण चूल बंद करतो का? का करपली ते बघतो. न बघताच सोडून दिलंस, तर माझा हात फुकटच मोडला म्हणायचा."

ह्यावर कुणी काही बोललं नाही. जेवणं झाल्यावर मी कॅलेंडरपाशी गेले. प्लॅस्टर कधी निघणार ते बघायला २६ फेब्रुवारीपासून पुढे आठवडे मोजत होते. मोजता-मोजता उगाच मागे मोजलं आणि ७ जानेवारीच्या चौकोनावर बोट थांबलं. यंत्र इन्व्हर्टरवर. मी सहज म्हटलं, "अहो, बरोबर सात आठवडे चाललं हो ते. रविवार ते रविवार एकोणपन्नास दिवस, आणि सोमवारी सकाळी बिघडलं."

"किती म्हणालीस? एकोणपन्नास?" हे ताडकन उठले. दुधाच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं गुणाकार-भागाकार सुरू झाला. पाच मिनिटांनी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

तो हिशेब असा. बोर्ड चालू झाल्या क्षणापासून आतल्या आत मोजत असतो, सेकंदाचे हजार भाग करून एक-एक भाग. पण हा आकडा लिहायला त्याच्याकडे ठरावीकच घरं आहेत. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. दिवसाचे असे भाग होतात ८ कोटी ६४ लाख. भागाकार करा : ४९ दिवस आणि वर सुमारे १७ तास. त्यानंतर काय? जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा ना? तसंच. रविवारी दुपारी एकला सुरू केलेला बोर्ड सात आठवड्यांनंतर सोमवारी सकाळी सहाला शून्यावर आला. आणि त्या वेळी आमची मोटर चालू होती!

पण मोजणी शून्यावर आली म्हणून पाणी का वाहावं? चूक ह्यांच्या प्रोग्रॅममध्ये होती. त्यात लिहिलं होतं, 'आत्ताच्या वेळेतून मागच्या तपासणीची वेळ वजा कर. साठ सेकंद झाले असतील तर पाणी तपास.' आत्ताची वेळ शून्य, मागची वेळ भलीमोठी. वजाबाकी उणे! बोर्ड समजला की अजून साठ सेकंद झालेच नाहीत. त्यानं पाणी तपासायचंच सोडलं आणि मोटर आहे तशी चालू राहिली. आधीचे आठ महिने हे कसं झालं नाही? कारण वीज जायची! एकोणपन्नास दिवस पुरे होण्याआधीच बोर्ड बंद पडून पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा. विजेच्या खोळंब्यानं दोष झाकला होता. आम्ही सोय केली आणि तो उघडा पडला.

तुम्ही म्हणाल, हौशी माणसाचं काम, असंच व्हायचं! मलाही तेच वाटलं. पण हाच ४९ दिवसांचा दोष विंडोज ९५ मध्येही होता. तेवढे दिवस सलग चालू ठेवलेला कॉम्प्युटर गोठायचा, आणि तो दोष उजेडात आला १९९९ साली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्यानं बोइंग ७८७ विमानांबद्दल आदेश काढला होता. त्यांच्या वीजयंत्रणेचा प्रोग्रॅम २४८ दिवस सलग चालू राहिला तर वीज जाण्याचा धोका होता. तिथेही मोजणीची घरंच अपुरी पडत होती. म्हणजे चूक लहान-मोठ्या सगळ्यांकडून होते. फरक पडतो तो नंतर कोण ती शोधतं आणि कोण पेटी माळ्यावर टाकतं, ह्यानं.

दुरुस्ती मात्र दोन ओळींची. आपण दहाला भाजीला टाकलेलं कडधान्य दोनला बघतो आणि 'चार तास झाले' म्हणतो. दोनातून दहा वजा होत नाहीत म्हणून अडून बसतो का? घड्याळ फिरून येतं हे आपण धरूनच चालतो. बोर्डालाही तशी वजाबाकी येते, फक्त ती करू द्यायला हवी. ह्यांनी ती करू दिली. तपासून बघायला पुन्हा ४९ दिवस थांबायला नको म्हणून मोजणीत मुद्दाम मोठा आकडा मिसळला. टेबलावर, बादलीत पाणी घेऊन, दोन मिनिटांत मोजणी शून्यावर आणली. दिवा विझायचा तेव्हाच विझला. मुलानं टाळ्या वाजवल्या.

पण एवढ्यावर मी ऐकणार नव्हते. मी अट घातली : "फ्लशच्या टाकीत तो गोळा असतो ना, पाणी वर आलं की आपोआप बंद करणारा? त्याला कुठे प्रोग्रॅम लागतो? तसला आपल्या टाकीत बसवा. तुमचा बोर्ड झोपला तरी मोटर थांबली पाहिजे." हे हसले. असा तरंगता स्विच बाजारात तयार मिळतो आणि काही शे रुपयांत येतो. वायरमनला बोलावून तो वेगळा जोडून घेतला. बोर्ड काहीही म्हणो, गोळा उचलला गेला की मोटर बंद. घरात एका माणसावर सगळी भिस्त ठेवू नये, तशी एका यंत्रावरही ठेवू नये.

आणि माझी चूक? पन्हाळीत पालापाचोळा कुणी साठू दिला? यंत्र आलं म्हणून गच्चीवर जाणं मी सोडलं. पाणी पन्हाळीतून गेलं असतं तर जिना कोरडा राहिला असता. रिक्षात जे बोलले, त्याबद्दल मी ह्यांची माफी मागितली. रविवारची गच्ची आता पुन्हा माझी.

पेटी खाली आली. मात्र ह्या वेळी काही नियम करून. तुमच्या घरी असा उद्योगी कुणी असेल, नवरा, मुलगा, मुलगी, दीर, तर हे नियम तुम्हांलाही उपयोगी पडतील.

१. जागा एकच. एक टेबल, त्यावर एक मोठा ट्रे. काम अर्धवट राहिलं तर ट्रे उचलून कपाटात. जेवणाच्या टेबलावर आणि ओट्यावर सोल्डरिंग करायचं नाही. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं, म्हणून काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाणं नाही. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी हवी. सोल्डरिंगचं टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, त्याला स्वतःचा स्टँड हवाच.

२. पैसे ठरलेले. दर महिन्याला एक रक्कम ठरवून द्यावी आणि खर्च वहीत लिहावा. जास्त लागलं तर पुढच्या महिन्यात. आमच्याकडे ह्यामुळे पुड्या कमी झाल्या आणि विचार वाढला.

३. घरच्या विजेला हात नाही. मुलांनी पाच किंवा बारा व्होल्टचे खेळ खुशाल करावेत. २३० व्होल्टचं काम वायरमनचं. घरात गळती झाली तर वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला आहे ना, तेही त्याला विचारून घ्या.

४. सेलची काळजी. लिथियमचा सेल फुगलेला दिसला तर दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. बटणासारखे चपटे सेल तान्ह्या मुलांपासून दूर, कुलपात. गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजते. वाट न बघता दवाखाना गाठायचा. जुने सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

५. बंद करायचं बटण सगळ्यांना माहीत हवं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आता मोठं लाल बटण आहे. खाली कागद : 'काहीही शंका आली तर हे दाबा. विचारत बसू नका.' अक्षर मुलीचं आहे, मोठं, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

६. समजावून मागा. "तुला नाही कळायचं" हे उत्तर चालवून घेऊ नका. जो आपल्याला पोळीच्या डब्याच्या भाषेत सांगू शकत नाही, त्याला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नसतं, असं समजा.

ह्या शेवटच्या नियमाचा मला झालेला फायदा सांगते. आमच्या शाळेतल्या जुन्या मराठी प्रश्नपत्रिका पूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसती चित्रविचित्र अक्षरं. ह्यांनी त्या बदलून देणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला, पण प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची. ते आम्ही दोघांनी बसून सोडवलं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असे, जशी ती कागदावर दिसते. आताच्या युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, जशी आपण बोलतो. रफाराचं नेमकं उलटं. जोडाक्षर आलं की वेलांटी कुठवर सरकवायची, ते मी सांगायची आणि हे लिहायचे. चार रविवार गेले. पण जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा वाचता येऊ लागल्या. माझं बी. ए. कॉम्प्युटरच्या कामी येईल, असं मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते!

"ह्यातून मिळतं काय?" असं शेजारणी विचारतात. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं हौस म्हणून एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोच लिनक्स. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तो आहे. पण हे मी शेजारणींना सांगत नाही. आमच्या घरातून लिनक्स निघणार नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही नाही. आमच्या मुलाला एक गोष्ट मात्र मिळाली. काही बिघडलं की तो आता "कुणी केलं?" असं विचारत नाही, "कशानं झालं?" असं विचारतो. मला तेवढं पुरे आहे.

प्लॅस्टर ८ एप्रिलला निघालं. सासूबाईंचं मनगट बरं आहे, पण ओलं लुगडं पिळताना अजून दुखतं. ते आता मी पिळते.

यंत्र पुन्हा बसवलं ते १४ एप्रिलला, रविवारी, दुपारी एकलाच. मुद्दाम. म्हणजे ते शून्यावर येणार ३ जूनला, सोमवारी, सकाळी सहाला. त्या दिवशी शाळेला सुटी, तरी सगळं घर साडेपाचला उठलं. हे लाल बटणापाशी उभे. मुलगा गच्चीवर. सासूबाई खाली खुर्चीवर चहाचा कप घेऊन. जिना चढायची त्यांना बंदीच होती. मोटर सुरू झाली. सहा वाजले. सहा-पाच झाले. कुणी बोलत नव्हतं. सहा वाजून चौदा मिनिटांनी खट् असा आवाज झाला आणि मोटर थांबली. "टाकी भरली! वाहत नाहीये!" मुलगा वरून ओरडला.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "बरं झालं," म्हणाल्या, "आता कुणीतरी माझा चहा गरम करून द्या."

मी कॅलेंडरवर लिहिलं : 'दूध दोन लिटर. टाकी ठीक.'